मंडईतील मावशी : एका कृष्णधवल व्यक्तिचित्राच्या प्रकल्प नोंदी

१ डिसेंबर २०२४, रविवार

पुण्यातील महात्मा फुले मंडईच्या बाहेर, मुख्य इमारतीपासून थोड्या अंतरावरील एका गल्लीत, पालेभाजी विकणाऱ्या मावशींचे कृष्णधवल व्यक्तिचित्र करावयाचे आहे. आमच्या घरी मेथी, शेपू आणि आंबट चुका माझ्या लहानपणापासून त्यांच्याकडूनच येतो, त्यामुळे रस्त्यावर अनोळखी माणसाचे चटकन टिपलेले छायाचित्र आणि हे काम यांत मुळातच फरक आहे. अनोळखी माणसाच्या बाबतीत छायाचित्रकार चेहऱ्यावरून काही ओळखू पाहतो. येथे मला जे ठाऊक आहे त्यातले बहुतेक चित्रात उतरणारच नाही, आणि जे उतरेल ते पाहणाऱ्याला माझ्या सांगण्यावाचून कळले पाहिजे.

परवानगी आजच मागितली. "माझा कशाला फोटू काढतोस? त्या कोथिंबिरीचा काढ, उद्यापर्यंत सुकून जाईल ती," असे म्हणून त्यांनी आधी विषय टाळला, मग दोन अटी घातल्या : गिऱ्हाईक समोर असताना मध्ये यायचे नाही, आणि फोटो मोबाइलवरून चारचौघांत फिरवायचा नाही. दोन्ही मान्य केल्या. त्यांचे नाव आणि बसण्याची नेमकी जागा या नोंदींत येणार नाही, ती त्याच कारणाने.

भाजीबाजारात कृष्णधवल काम करणे हा थोडा हट्टच आहे, हे मान्य करावे लागेल. छायाचित्रकार रघुबीर सिंग (१९४२–१९९९) यांनी आपली कारकीर्द रंगीत फिल्मवर उभी केली आणि रंग हाच भारतीय दृष्टीचा गाभा आहे अशी भूमिका मांडली. मंडईत उभे राहिले की त्यांचे म्हणणे पटतेही. मात्र रंगीत चित्रात टोमॅटोचा ढीग आणि गाजरांच्या जुड्या नजर आपल्याकडे ओढून घेतात आणि माणूस त्यांच्यामागे जातो. मला चेहरा पुढे हवा आहे, म्हणून रंग काढून टाकायचे. ते काढल्यावर त्यांच्या जागी कोणत्या छटा येतात, हा या प्रकल्पातला सर्वांत कठीण भाग ठरेल असा अंदाज आहे.

५ डिसेंबर, गुरुवार

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार असल्याने गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. विड्याची पाने, आंब्याचे डहाळे आणि पूजेची फळे घेणाऱ्या बायकांच्या गर्दीत कॅमेरा पिशवीतच राहिला. मात्र उजेडाची पाहणी झाली.

मावशी गल्लीच्या दक्षिण कडेला, दुकानांकडे पाठ करून, उत्तरेकडे तोंड करून बसतात. पुण्याचे अक्षांश सुमारे १८.५ असल्याने डिसेंबरात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून ४८ अंशांच्या आसपासच चढतो आणि तोही दक्षिणेकडे असतो. म्हणजे हिवाळाभर दुकानांची सावली त्यांच्या अंगावर दिवसभर राहते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर पडणारा उजेड हा समोरच्या, उन्हात असलेल्या इमारतीच्या भिंतीवरून परतलेला असतो. व्यक्तिचित्रासाठी याहून चांगला उजेड स्टुडिओतही सहज मिळत नाही : रुंद, मऊ, समोरून आणि किंचित वरून येणारा. डोळ्यांच्या खोबणी त्यात काळ्या पडत नाहीत आणि सुरकुत्या दिसतात, पण ओरखड्यांसारख्या उठून येत नाहीत. डोक्यावरची निळी ताडपत्री मात्र वरचा उजेड अडवते, म्हणून त्यांनी दोन वीत पुढे सरकून बसावे असे सुचवावे लागेल. "पुढं सरकले की पालिकेची गाडी येते," हे त्यांचे उत्तर मला आधीच ठाऊक आहे.

१० डिसेंबर, मंगळवार

पार्श्वभूमीचा निर्णय.

पहिला मोह मंडईच्या मनोऱ्याचा होता. एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात उभी राहिलेली ही दगडी अष्टकोनी इमारत आधी गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने ओळखली जाई. ज्या जोतीराव फुल्यांनी नगरपालिकेचे सभासद असताना तिच्यावरील खर्चाला विरोध केला, त्यांचेच नाव पुढे तिला मिळाले. इतका इतिहास मागे असला की चौकटीत घ्यावासा वाटतोच. परंतु मावशींना त्यांच्या जागेवरून उठवून गल्लीच्या तोंडाशी नेल्याशिवाय मनोरा मागे येत नाही, आणि आला तरी तो चित्राला पुण्याचे चित्र करतो. पर्यटन खात्याच्या दिनदर्शिकेवर शोभेल असे काही मला करायचे नाही. मनोरा रद्द.

त्यांच्या पाठीमागे सुतळी आणि दोरखंडांचे दुकान आहे. दहाच्या आधी त्याचे शटर बंद असते आणि पार्श्वभूमीला पत्र्याच्या आडव्या, करड्या, एकसारख्या रेघा येतात. त्या रेघा मावशींच्या कानांच्या पातळीवरून जातात आणि डोके कापल्याचा भास होतो. दहानंतर शटर वर जाते आणि मागे एक खोल काळोखी पोकळी तयार होते, जिच्यात टांगलेली दोराची वेटोळी अर्धवट दिसत राहतात. पदराखालून बाहेर आलेले पांढरे केस या काळोखावर स्वच्छ सुटे दिसतात. अडचण खालच्या भागात आहे : त्यांचे लुगडे गडद हिरवे असते आणि कृष्णधवलात ते मागच्या काळोखात विरघळते, त्यामुळे खांदे नाहीसे होऊन चेहरा अधांतरी लटकल्यासारखा होतो. लुगडे बदलायला सांगणे योग्य नाही. त्याऐवजी मी बसण्याची जागा डावीकडे हातभर सरकवली, तेव्हा दुकानाच्या दारातील फिकट लाकडी चौकटीचा उभा पट्टा त्यांच्या उजव्या खांद्यामागे आला आणि खांद्याची कड परत मिळाली. डावा खांदा काळोखात गेला तर जाऊ द्यावा. दोन्ही कडा स्पष्ट असल्या की माणूस कात्रीने कापून चिकटवल्यासारखा दिसतो.

१५ डिसेंबर, रविवार

आजची नोंद लांबेल, कारण कुंकवाचा आणि गोंदणाचा प्रश्न समोर आला.

मावशींच्या कपाळावर रुपयाएवढे लाल कुंकू असते. त्याच्या खाली, भुवयांच्या मधोमध, आणि हनुवटीवर हिरवट-निळे गोंदण आहे. वयामुळे त्याच्या कडा पसरल्या आहेत. चेहऱ्याची ओळख या दोन खुणांवर उभी आहे, आणि कृष्णधवलात त्या दोन्ही एकमेकींच्या विरुद्ध वागतात. अंतिम काम फिल्मवर होणार असले तरी आज डिजिटल कॅमेऱ्यावर रंगीत चित्र घेऊन संगणकावर त्याचे लाल, हिरवे आणि निळे भाग वेगवेगळे पाहिले.

लाल भागात, म्हणजे लेन्सवर लाल फिल्टर लावल्यावर जे मिळेल त्यात, कुंकू चक्क नाहीसे होते. त्वचा आणि कुंकू दोन्ही लाल प्रकाश भरपूर परावर्तित करतात, त्यामुळे दोघांची करडी छटा जवळजवळ एक होते. गोंदण मात्र लाल प्रकाश शोषून घेते आणि उजळलेल्या त्वचेवर शाईने काढल्यासारखे उमटते. हिरव्या भागात नेमके उलट होते : कुंकू गडद, जवळजवळ काळे, तर गोंदण गडद झालेल्या त्वचेत बुडते आणि गालांवरचा प्रत्येक डाग व सुरकुती दुप्पट ठळक होते. पुस्तकांत लाल आणि नारिंगी फिल्टर आकाशातील ढगांसाठी सुचवलेले असतात आणि त्यांनी त्वचा "नितळ" होते असेही म्हटलेले असते. पण सवाष्ण बाईच्या कपाळावरचे कुंकू छायाचित्रकाराच्या फिल्टरने पुसले जाणार असेल, तर तो नितळपणा काय कामाचा? मावशींनी तसे चित्र पाहिले असते तर पुढची मेथी मला मिळाली नसती.

घरातील पणजीच्या फोटोत कुंकू काळेभोर का दिसते याचाही येथे उलगडा होतो. त्या काळच्या ऑर्थोक्रोमॅटिक काचा आणि फिल्म लाल रंगाला आंधळ्या होत्या. लाल वस्तू त्यांच्यावर काळ्याच उमटत. लाल रंगही नोंदवणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म सर्रास वापरात आली ती नंतर. ऑर्थो फिल्म आजही मिळते, पण तिची प्रकाशाची संवेदनशीलता (आयएसओ) ८० आहे, आणि सावलीतल्या हलत्या हातांसाठी ती अपुरी पडेल.

निर्णय : इल्फर्ड एचपी ५ प्लस ही कृष्णधवल फिल्म, संवेदनशीलता ४००, कोणताही फिल्टर नाही. साध्या पॅनक्रोमॅटिक फिल्मवर कुंकू त्वचेपेक्षा दोन पायऱ्यांनी (एक पायरी म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) गडद आणि गोंदण त्याहून थोडे फिके असे दोन्ही टिकतात. शिवाय सावलीतल्या उजेडात आकाशाचा निळसर अंश असतो, त्याने लाल रंग आपोआप आणखी थोडा दबतो. समोरच्या भिंतीचा पिवळा रंग तो परिणाम कमी करतो. म्हणून ऊन त्या भिंतीवर पूर्ण पसरण्यापूर्वीची, पण दोरखंडाचे दुकान उघडल्यानंतरची वेळ घ्यावी, म्हणजे दहा ते साडेदहा.

२२ डिसेंबर, रविवार

अंतर, उंची आणि हात.

उभ्या माणसाने जमिनीवर बसलेल्या माणसाचा फोटो घेतला की बसलेल्याला मान वर करावी लागते, आणि मावशींच्या बाबतीत ती नजर गिऱ्हाइकाकडे पाहण्याची होते : भाव सांगणारी, घासाघीस ओळखणारी. ती नजरही खरी आहे, पण ती कोणालाही मिळते. मी त्यांच्याकडून मागून घेतलेल्या पालथ्या पाटीवर बसलो, तेव्हा कॅमेरा त्यांच्या हनुवटीच्या पातळीवर आला. त्या पातळीवरून कोथिंबिरीच्या गड्ड्या चौकटीच्या तळाशी एक ओबडधोबड काठ तयार करतात आणि मावशी त्या काठामागे भक्कम बसलेल्या दिसतात.

५० मिलिमीटरची लेन्स आणि दीड मीटर अंतर ठरवले. ३५ मिलिमीटरच्या लेन्सने तेवढाच चेहरा भरायचा तर एक मीटरवर जावे लागते, आणि इतक्या जवळून नाक व पुढे आलेले हात प्रमाणाबाहेर वाढतात. दीड मीटरवरून ५.६ ॲपर्चरला (लेन्सच्या छिद्राचे माप; आकडा मोठा तितके छिद्र लहान) सुमारे ३० सेंटिमीटरचा पट्टा स्पष्ट राहतो. ४ ला तो २२ सेंटिमीटरवर येतो. मावशी गड्डी बांधताना सुतळीचे टोक दातांत धरतात आणि पुढे झुकतात, त्यामुळे हात आणि डोळे त्या ३० सेंटिमीटरमध्ये मावतात. ताठ बसल्या की हात मांडीवर जातात आणि पट्ट्याच्या बाहेर पडतात. सव्वाशेवा भाग सेकंद, ५.६ ॲपर्चर : सावलीतल्या आजच्या उजेडाला ४०० संवेदनशीलतेवर हे माप बरोबर बसते.

माप कसे घ्यायचे तेही लिहून ठेवतो. मागे काळोखी दुकान आणि अंगावर गडद लुगडे असल्याने कॅमेऱ्यातील मीटर सगळ्याचा मध्यम करडा करू पाहतो आणि चेहरा पांढराफटक होतो. म्हणून माप थेट गालावरून घ्यावे. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांना क्रमांक देणाऱ्या, छायाचित्रकार अँसेल ॲडम्स यांच्या झोन पद्धतीत गोऱ्या त्वचेची जागा मध्यम करड्याच्या एक पायरी वर, सहाव्या झोनमध्ये सांगितलेली आहे. मावशींच्या सावळ्या त्वचेला पाचवा झोनच, म्हणजे मीटर दाखवील ते माप जसेच्या तसे, योग्य आहे. एक पायरी वाढवली तर त्या उजळ दिसतील, पण मावशी दिसणार नाहीत.

एक नवीच अडचण : भाजीच्या कडेला पैसे घेण्यासाठी क्यूआर कोडची पाटी उभी असते. रंगीत जगात ती कोणाच्या डोळ्यांत भरत नाही, पण कृष्णधवलात चौकटीतील सर्वांत तीव्र काळे-पांढरे तेच चौकोन होतात आणि डोळा चेहऱ्याआधी तिकडे धावतो. ती काढून टाकली तर चित्र उगाचच जुन्या काळातले वाटू लागते, आणि कृष्णधवल माध्यमाला ती खोटी जुनेपणाची झाक सहज चिकटते. पाटी राहील, मात्र चौकटीच्या डाव्या कडेला, तिरपी आणि स्पष्ट पट्ट्याच्या बाहेर. तो कोड कोणाला वाचता येऊ नये हेही त्यात साधते.

२९ डिसेंबर, रविवार

पहिले रोल. गिऱ्हाइकांची ये-जा चालू असताना बाजूला बसून राहिलो आणि मावशी कामात असताना चित्रे घेतली : सुतळी दातांत, नजर खाली, हातात मेथी. घरी आयडी-११ डेव्हलपर एकास एक पाण्यात, २० अंश सेल्सिअसला १३ मिनिटे. निगेटिव्ह उत्तम आले आहेत. केसांत आणि लुगड्याच्या चौकड्यांत दोन्हीकडे तपशील आहे.

कॉन्टॅक्ट शीट (रोलमधील सगळ्या चित्रांची निगेटिव्हच्याच आकारातली एकत्र छपाई) भिंगाखाली पाहिल्यावर वाटते ते असे : ही चित्रे बरी आहेत, काही तर चांगली आहेत, पण ती एका भाजीवालीची आहेत. अमेरिकन छायाचित्रकार पॉल स्ट्रँडने १९१६ मध्ये न्यूयॉर्कच्या रस्त्यावर लोकांच्या नकळत जवळून चेहरे टिपता यावेत म्हणून कॅमेऱ्याला खोटी लेन्स लावली होती. ते अनोळखी माणसांसाठी होते. ज्यांनी मला लहान असताना वजनकाट्यावर उभे केले आहे त्यांच्याकडे चोरून पाहण्याने मी जाणूनबुजून परका होतो, आणि माझ्याजवळ जी एकच गोष्ट दुसऱ्या छायाचित्रकाराजवळ नाही, म्हणजे त्यांची मला ओळखणारी नजर, ती चौकटीबाहेर राहते.

१३ जानेवारी २०२५, सोमवार, भोगी

पावटा, हरभऱ्याचे घाटे, गाजरे, बोरे, उसाची कांडकी यांचे वाटे लावण्यात सकाळ गेली, आणि गर्दी ओसरल्यावर मावशींनीच विचारले, "मग, काढायचाय का नाही आता?" आज त्यांना त्यांच्या पद्धतीने बसू द्यायचे ठरवले होते. कॅमेरा वर झाला की त्या लगेच पदर सारखा करतात, हात गुडघ्यांवर ठेवतात आणि लेन्सकडे थेट पाहतात, जसे लग्नाच्या फोटोत बसावे तसे. रस्त्यावरचे छायाचित्रण करणारे पुष्कळ लोक अशी बैठक कृत्रिम मानतात. मला ते पटत नाही. जर्मनीत ऑगुस्ट झांडर यांनी शेतकरी, आचारी, गवंडी यांना समोर उभे केले तेव्हा त्यांनाही स्वतःची बैठक स्वतः ठरवू दिली होती, आणि त्या चित्रांचे वजन तिथूनच आले. ज्या माणसाचे आयुष्यात मोजकेच फोटो निघाले आहेत, त्याला आपण कसे राहावे हे ठरवण्याचा हक्क आहे.

एक अडचण तरी राहतेच : हात मांडीवर गेल्याने स्पष्ट पट्ट्याच्या बाहेर पडतात. म्हणून ॲपर्चर ८, शटर साठावा भाग. स्थिर बसल्या असल्याने तेवढा पुरला, आणि पट्टा ४४ सेंटिमीटरांचा झाला. चौकट उभी धरली. डोळे वरच्या तिसऱ्या भागाच्या रेषेच्या थोडे खाली, चेहरा मध्यापासून किंचित उजवीकडे, डाव्या कडेला तिरपी क्यूआर पाटी, तळाशी बोरांचा वाटा. बोरे लहान आणि चकचकीत असल्याने त्यांच्यावर उजेडाचे बारीक ठिपके आले. ते मला आवडले, म्हणून हलवले नाहीत.

पहिल्या काही चित्रांत नजर कडक होती. मग त्यांनी आईच्या गुडघ्याची चौकशी केली, मी कॅमेरा डोळ्याला लावूनच उत्तर दिले, आणि ऐकताना त्यांची मान जराशी कलली. बैठक तीच, हात गुडघ्यांवर, पण डोळे लेन्सकडे न पाहता लेन्सच्या मागच्या माणसाकडे पाहू लागले. ते चित्र त्या क्षणीच कळले होते. बाकी रोल सवयीने संपवला.

१८ जानेवारी, शनिवार

न्हाणीघरातील अंधाऱ्या खोलीत छपाई. ८ × १० इंच, प्लास्टिक लेपाचा मल्टिग्रेड कागद, डेव्हलपरमध्ये एक मिनिट. दुसऱ्या ग्रेडवर (ग्रेड म्हणजे काळ्या-पांढऱ्यातील तफावतीचे माप) चित्र मवाळ झाले आणि कुंकू कपाळात मिसळू लागले. तिसऱ्यावर लुगड्याच्या चौकड्या भडकून चेहऱ्याशी भांडू लागल्या. अडीचवर दोन्ही जागेवर बसले. क्यूआर पाटीचा कोपरा पुठ्ठ्याला भोक पाडून जास्तीचा उजेड देत करडा केला, इतका की पाटी आहे हे कळते आणि तिचे पांढरे ओरडत नाही. चेहऱ्यावर हात लावला नाही. मागच्या दोरखंडाच्या वेटोळ्यांपैकी एक त्यांच्या डोक्यामागे प्रभावळीसारखे येत होते; देवत्व टाळण्यासाठी तेही थोडे गडद केले.

कामात असतानाच्या चित्रांपैकी एकही या मालिकेत ठेवणार नाही. सुतळी दातांत धरलेले चित्र टाकवत नाही, हे खरे. पण दोन्ही शेजारी लावून पाहिली तेव्हा समोरून घेतलेल्या चित्रासमोर ते माहितीपटातील दृश्यासारखे वाटले. छायाचित्रकार दयानिता सिंग यांनी दिल्लीतील तृतीयपंथी मोना अहमद यांची चित्रे अनेक वर्षांच्या मैत्रीतून घेतली. त्यांतही मोना यांची स्वतःची बैठक, स्वतःचा रोख जागोजागी दिसतो, आणि ती चित्रे पाहताना आपण पाहुणे आहोत याची जाणीव राहते. मला येथे तेवढेच हवे आहे.

२ फेब्रुवारी, रविवार

प्रत मावशींना दिली. त्यांनी ती हातभर लांब धरून पाहिली, पदराने कडा पुसल्या आणि आधी कुंकू तपासले, मग गोंदण. "माझ्या आईनं जत्रेत काढून दिलं होतं, तेवढं बरं आलंय," असे म्हणाल्या. मेथी काळी का दिसते हे त्यांना पटले नाही. हिरवा रंग करड्यात असाच उतरतो, हे माझे स्पष्टीकरण त्यांनी भाव कमी करून मागणाऱ्या गिऱ्हाइकाचे ऐकावे तसे ऐकून घेतले.

प्रत घरी न नेता दुकानातच, ताडपत्रीच्या बांबूला टांगायची आहे असे त्यांनी सांगितले. भाजीवर दिवसभर पाणी शिंपडले जाते, म्हणून लॅमिनेशन हवे. छापील कागदावर प्लास्टिक चढवणे मला एरवी मान्य नाही, पण जागा त्यांची आणि फोटोही त्यांचा. चकचकीत प्लास्टिकमध्ये समोरच्या भिंतीचे ऊन परतून चेहरा दिसेनासा होईल, म्हणून मॅट लॅमिनेशन करून घेतले आणि वरच्या दोन कोपऱ्यांना सुतळीसाठी भोके पाडली. सुतळी मागच्या दुकानातून आली. मालिकेसाठी प्लास्टिक लेप नसलेल्या फायबर कागदावरची वेगळी प्रत पुढच्या आठवड्यात छापायची आहे, तिच्यात बोरांवरचे ठिपके अर्धी पायरी खाली आणून पाहावेत.